मागच्या सीटवरची वीज

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर घोडबंदरची खाडी ओलांडली की ससूनवघर, मालजीपाडा, बापाणे, चिंचोटी या पट्ट्यात गाडी किती वेळ अडकेल, हे वसईत जन्म गेलेला माणूसही छातीठोकपणे सांगणार नाही. अलीकडे या महामार्गावर काँक्रीटचा थर चढवायचं काम निघालं आणि कोंडीत भरच पडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ठाण्याकडच्या घोडबंदर रस्त्याच्या दुरुस्तीमुळे अवजड वाहतूक इकडे वळवली गेली, तेव्हा विरारजवळच्या सहलीहून परतणाऱ्या शाळांच्या बसगाड्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत इथेच अडकून पडल्या. आत शेकडो मुलं. त्यांच्या भूक-तहानेच्या बातम्या झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या. पण ज्याची बातमी होत नाही अशा रोजच्या दोन-तीन तासांच्या कोंडीत आईबापांना छळणारा प्रश्न अगदी किरकोळ असतो. मागच्या सीटवर टॅब बारा टक्क्यांवर आलाय, तो बंद पडला की रडारड सुरू होणार, मग आता वीज कुठून आणायची?

वसई-विरारला हा प्रश्न दोन बाजूंनी येऊन भिडतो. एक ही रोजची कोंडी. दुसरा लांबचा प्रवास. नालासोपारा-विरारच्या सोसायट्यांमधून गणपतीला आणि मे महिन्यात कोकणात निघणाऱ्या एमएच-४८ पाटीच्या गाड्या कमी नाहीत. विरारहून निघून वर्सोवा पूल, ठाणे, पनवेल, पळस्पे, माणगाव असं करत सिंधुदुर्गात पोचेपर्यंत सणाच्या गर्दीत चौदा-पंधरा तास सहज जातात. एवढ्या वेळात अंताक्षरी आणि वेफर्सची पाकिटं किती पुरणार?

मग लोक ॲक्सेसरीजच्या दुकानात जातात आणि विचारतात, ‘मुलांना मागे टॅब चालवायचाय, काय बसवू?’ दुकानदाराचं उत्तर बहुधा त्याच्या फळीवर काय शिल्लक आहे त्यावर ठरतं. कुणी हेडरेस्टला लावायचे स्क्रीन दाखवतो, कुणी इन्व्हर्टर. पंख्याचा आवाज करणारी ती धातूची पेटी हातात घेतली की काहीतरी भक्कम घेतल्यासारखं वाटतंही. माझं म्हणणं थोडक्यात असं, की मुलांच्या करमणुकीला वीज फारच थोडी लागते आणि ती बहुतेक गाड्यांत आधीच असते. ती मागच्या सीटपर्यंत नीट पोचत नाही आणि इंजिन बंद असताना भलत्याच कामाला खर्च होते, इथे खरं दुखणं आहे.

आधी हिशेब. व्हिडिओ चालू असलेला फोन साधारण तीन ते पाच वॅट खातो. दहा इंची टॅब सहा ते दहा. चालू ठेवून वर चार्जही करायचा तर पंधरा वॅट धरा. पूर्वी इनोव्हासारख्या गाड्यांत छताला लटकलेले दिसायचे ते डीव्हीडीवाले स्क्रीन आणि पोर्टेबल प्लेअर यांना पंधरा-वीस वॅट लागत. हातात धरून खेळायच्या गेम-यंत्राला दहा ते अठरा. लॅपटॉपला पंचेचाळीस ते पासष्ट, पण तो मुलांच्या हातात द्यायचं कारण नाही. म्हणजे दोन मुलं, दोन टॅब, दोन्ही चार्जिंगला, तरी तीस वॅटच्या आसपास. आता गाडीची स्वतःची भूक बघा. हॅलोजनचा एक हेडलाइट ५५ ते ६० वॅटचा असतो. एसीचा ब्लोअर चारवर फिरवला की एकटा दीडशे वॅटच्या पुढे जातो. दोन्ही टॅब मिळून एका हेडलाइटच्या निम्मी वीज खातात, म्हणजे टॅबमुळे गाडीची बॅटरी बसेल ही भीती जवळजवळ निराधार आहे. जवळजवळ म्हणण्याचं कारण पुढे येईल.

गाडीत ही वीज मिळायची जुनी जागा म्हणजे लाइटर पॉइंट. आता त्याच्यासोबत लाइटर येत नाही, झाकणावर ‘१२ व्होल्ट १२० वॅट’ एवढंच छापलेलं असतं, पण गॅरेजमध्ये अजून लाइटरच म्हणतात. सिगारेट पेटवायची ती तार तापून लाल व्हायला मोठा करंट लागायचा, म्हणून या सॉकेटला जाड वायर आणि दहा-पंधरा अँपिअरचा फ्यूज द्यायची पद्धत पडली. सिगारेट गेली, जाड वायर राहिली, त्याचा फायदा आज टॅबला होतो आहे. तोटाही त्याच इतिहासातून आला आहे. हे सॉकेट प्लग धरून ठेवायला घडवलेलं नाही, तापलेला लाइटर बाहेर उडवायला घडवलं आहे. त्यात चार्जर घातला की टोकाची स्प्रिंग त्याला सतत बाहेर ढकलते आणि बाजूच्या दोन पत्र्याच्या पाकळ्या त्याला कशाबशा धरून ठेवतात. खड्ड्यात गाडी आपटली की तो मिलिमीटरभर सरकतो, चार्जिंग तुटतं, परत लागतं. दर वेळी बारीकशी ठिणगी पडते आणि टोक काळं पडत जातं. चार्जर काढल्यावर टोक बोटाला चटका देत असेल तर बहुतेक वेळा दोष सैल बसणीचा असतो. ते टोक आणि आतला तळ बारीक पॉलिश पेपरने साफ करायचा, अर्थात गाडी बंद असताना आणि फ्यूज काढून. तरी गरम होत असेल तर चार्जर बदलायचा.

मागच्या रांगेला असं सॉकेट असेल तर झाकण तुटू देऊ नका. मुलांच्या उंचीला आलेलं ते गोल भोक नाणं घालून बघण्यासाठीच आहे अशी पोरांची ठाम समजूत असते. नाणं तळाला आणि कडेला एकदम टेकलं की शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. फ्यूज पाच-दहा रुपयांचा, पण त्याच फ्यूजवर पुढचं सॉकेट आणि कधी कधी म्युझिक सिस्टीमही असते. मग भर रस्त्यात कोपऱ्यातलं झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात तो शोधत बसावं लागतं. डिकीत दहा आणि पंधरा अँपिअरचे चार फ्यूज पडलेले असावेत. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा घालणं किंवा चांदी गुंडाळणं हा मात्र गाडी पेटवायचा खात्रीचा उपाय आहे.

म्युझिक सिस्टीमच्या तोंडावर असतं त्या यूएसबी पोर्टबद्दल फार गैरसमज आहेत. ते मुळात पेनड्राइव्ह आणि फोन जोडायला दिलेलं असतं आणि बऱ्याच गाड्यांत जेमतेम अर्धा ते एक अँपिअर देतं, म्हणजे अडीच ते पाच वॅट. टॅब त्याच वेळी आठ वॅट खात असतो. त्यामुळे पडद्यावर चार्जिंगची वीज चमकते आणि टक्के मात्र उतरत जातात. टॅब बिघडलाय असं समजून लोक तो दुरुस्तीला टाकतात. नव्या गाड्यांत मागे एसीच्या झडपेखाली टाइप-सीचं पोर्ट येऊ लागलंय, ते बहुधा पंधरा वॅटच्या वर देतं. तुमच्या गाडीला ते असेल तर निम्मा लेख तुमच्यासाठी संपला.

नसेल तर लाइटर पॉइंटमध्ये बसणारा चांगला चार्जर घ्यायचा. चांगला म्हणजे काय? पाकिटावर ‘३.१ अँपिअर’ असं ठळक छापलेलं असतं, पण दोन्ही पोर्ट वापरले की ते अर्धं-अर्धं होतं, हे छापलेलं नसतं. त्यापेक्षा टाइप-सीचं पीडी (पॉवर डिलिव्हरी) पोर्ट असलेला, एका पोर्टला तीस वॅट देणारा चार्जर घ्यावा. तो उपकरणाशी बोलून पाचऐवजी नऊ व्होल्ट देतो, आणि मोठा असेल तर वीस व्होल्टपर्यंत चढून लॅपटॉपही चालवतो. स्टेशनबाहेर शंभर-दीडशेला मिळणारे चार्जर आत उघडून पाहिले तर बोटाच्या नखाएवढी पट्टी आणि एक हडकुळी कॉइल निघते. गाडी चालू असताना लाइनवर साडेचौदा व्होल्टपर्यंत दाब असतो, सेल्फ मारताना तो झपकन खाली येतो आणि लगेच वर जातो. हे धक्के झेलायची ताकद त्या पट्टीत नसते. आणि ट्रॅव्हल्सच्या मोठ्या बसमध्ये बारा नाही, चोवीस व्होल्ट असतात. तिथे वापरायचा चार्जर ‘१२-२४ व्होल्ट’ लिहिलेलाच हवा.

आता पोचवण्याचा भाग, जो दुकानात कुणी सांगत नाही. चार्जर पुढे आणि मूल मागे असलं की माणूस तीन मीटरची स्वस्त यूएसबी वायर घेतो. पाच व्होल्टला दोन अँपिअर एवढ्या लांब, केसासारख्या तारेतून न्यायचे तर वाटेत दोन-अडीच व्होल्ट गळून जाऊ शकतात. पलीकडे टॅबला कमी दाब दिसतो, तो चार्जिंग मंद करतो किंवा सोडूनच देतो. पारेषणवाले लांबवर वीज नेताना मोठ्या दाबाने नेतात आणि गल्लीत आल्यावर ट्रान्सफॉर्मरने उतरवतात. गाडीतही तेच करावं. पाच व्होल्ट मागे नेऊ नयेत, बाराच न्यावेत. लाइटर पॉइंटमध्ये घालायचं आणि दोन मीटर जाड वायरने मागे जाऊन तिथे दोन-तीन पोर्ट देणारं एक्स्टेन्शन मिळतं. ही एक वस्तू हेडरेस्टच्या महागड्या स्क्रीनपेक्षा जास्त कामाची आहे. तिची वायर पुढच्या सीटच्या रुळावरून मात्र जाऊ द्यायची नाही. कुणीतरी सीट मागे सरकवतं, रूळ वायर कातरतो, आणि बारा व्होल्टची उघडी तार सीटच्या लोखंडी सांगाड्याला टेकते. मधल्या कन्सोलच्या कडेने, चटईखालून न्यावी.

कायमची जोडणी हवी असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावं लागेल. वसई-विरारमध्ये हे कारागीर मुबलक आहेत आणि बरेच हुशारही आहेत, पण त्यांच्या एका सवयीला ठामपणे नाही म्हणावं. ती सवय म्हणजे ‘डायरेक्ट देतो’. डायरेक्ट म्हणजे थेट बॅटरीवरून, किल्ली काढली तरी चालू. त्याला सोपं पडतं, गिऱ्हाईकही खूश होतं. पण मागे विसरलेला चार्जर, दिवा लागलेला हब, अर्धवट चार्ज झालेला टॅब हे सगळं रात्रभर बॅटरी पीत राहतं. पॉइंट किल्लीवर घ्या, फ्यूज टॅप लावून स्वतंत्र फ्यूज द्या, वायर एक एमएमच्या खाली नको. चालू वायर सोलून तिच्यावर टेप गुंडाळलेला जोड घेऊ नका. पावसाळ्यात तो जोड पहिला कुजतो. कडेच्या पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत खांबाच्या कव्हरमधून वायर खुपसू द्यायची नाही, एअरबॅग उघडायच्या वेळी तीच आडवी येईल. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंग कापण्याआधी कागद वाचा. (उंदरांचं काय करायचं याला अजून कुणाकडे उत्तर नाही. तळमजल्यावर, गवताशेजारी लावलेल्या गाडीत पावसाळ्यात ते वायर कुरतडतातच, मग ती कंपनीची असो की गल्लीतल्या कारागिराची.)

इन्व्हर्टरबद्दल माझं मत सौम्य नाही. गाडीचे बारा व्होल्ट घ्यायचे, त्यांचे २३० करायचे, त्यात घरचा चार्जर खुपसायचा आणि त्याने ते पुन्हा पाच-नऊ व्होल्टवर आणायचे, या वळशात पाव हिस्सा वीज उष्णतेत जाते. हा तोटा परवडेल एकवेळ. पण ज्या सीटवर फ्रूटी सांडलेली आहे, पावसाची ओली छत्री ठेवलेली आहे, तिथे मुलांच्या हाताशी २३० व्होल्टचं सॉकेट कशासाठी? लाइटर पॉइंटवर चालणारे इन्व्हर्टर दीडशे वॅटपर्यंतचे असतात. त्यावर त्याहून जास्त भार टाकला की एक तर तो किंचाळून बंद पडतो, नाहीतर गाडीचा फ्यूज जातो. त्याला पूर्वी एक खरं कारण होतं, दम्याच्या मुलाचा नेब्युलायझर. आता बॅटरीवर चालणारे मुठीएवढे मेश नेब्युलायझर मिळतात, डॉक्टरांना विचारून तसा घेता येतो. एवढं कारण सोडलं तर करमणुकीसाठी इन्व्हर्टर घेऊ नये.

आता मघाशी राहिलेलं ‘जवळजवळ’. इंजिन चालू असेल तोवर अल्टरनेटर सगळ्यांना पुरून उरतो. प्रश्न इंजिन बंद असतानाचा. आणि इंजिन बंद करून, मुलांना गप्प ठेवत बसायचे प्रसंग वसईत ठरलेले आहेत. सीएनजीच्या पंपावरची रांग हा त्यातला मोठा. रांग दहा-दहा फुटांनी पुढे सरकते, माणूस इंजिन बंद करतो, किल्ली ऑनवर ठेवतो, ब्लोअर चालू, गाणी चालू, मागे टॅब चार्जिंगला. पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-अवरची असते. चार वर्षं झालेली, उन्हाने आणि खाऱ्या हवेने थकलेली असेल तर प्रत्यक्षात वीसही उरलेले नसतात. ब्लोअर जोरात असेल तर तासाला दहा-बारा अँपिअर तोच घेतो, किल्ली ऑन असल्याने डॅशबोर्ड आणि इंजिनाचा कॉम्प्युटर आणखी तीन-चार. दोन टॅब मिळून अडीच. तासाभराने नंबर लागतो आणि गाडी सेल्फ घेत नाही. मागचे चार जण उतरून धक्का मारतात, आणि घरी येऊन दोष कुणाला दिला जातो? टॅबला! त्याच रांगेत ब्लोअर बंद ठेवून, काचा खाली करून, किल्ली पहिल्या नंबरवर, म्हणजे ॲक्सेसरीवर, ठेवली असती तर टॅब तासभर चालूनही बॅटरीला कळलं नसतं. शंका असेल तर लाइटर पॉइंटमध्ये घालायचा व्होल्टमीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. गाडी बंद असताना १२.६ दिसलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर, त्याखाली गेलं की मुलांचं काढून घ्या. प्रत्यक्ष गॅस भरताना तर सगळ्यांनी खाली उतरायचं असतं आणि चार्जिंगला लावलेलं सगळं आधी काढायचं असतं, तिथे सवलत मागू नये.

गाड्या नेणारी रो-रो बोट हा दुसरा प्रसंग, आणि तो बराच सोपा. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या बाजूला जाणारी आली. बोटीवर इंजिन बंद ठेवायचं असतं, पण वसईहून भाईंदर पंधरा-वीस मिनिटांत येतं. एवढ्यात कुठलीही धड बॅटरी उतरत नाही. सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर बोटीची वाट बघण्यात मात्र बराच वेळ जातो, तिथे सीएनजीच्या रांगेचेच नियम. आणि एकदा बोट सुटली की मुलांना खाडी दाखवावी. अर्नाळ्या-पाचूबंदरच्या होड्या टॅबमध्ये दिसत नाहीत.

एक गोष्ट या सगळ्यापेक्षा गंभीर आहे. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलांना टॅब देऊन, इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडीत एकटं बसवणं. करमणुकीची सोय जितकी चांगली, तितका हा मोह मोठा. इंजिन बंद पडलं तर बंद काचांच्या आत उन्हात काही मिनिटांत जीवघेणी उष्णता होते. चालू राहिलं तर गिअरला हात लागायला मूल पुढच्या सीटवर यायचाच अवकाश.

या सगळ्या कटकटीतून सुटायचं तर गाडीच्या विजेवर विसंबायचंच नाही. घरून भरून आणलेली पॉवर बँक हा माझ्या मते आजचा सगळ्यात शहाणा पर्याय आहे. वसई-विरारकरांना तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जुलै २०१८ च्या पुरात इथल्या मोठ्या भागाची वीज दीर्घकाळ बंद होती. पण खरेदी करताना पुढचा मोठा आकडा वाचून फसू नका. पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टला मोजलेला, म्हणजे ३७ वॅट-अवर. तो पाच व्होल्टला चढवून बाहेर देताना कमी होतो, आणि ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून बारीक अक्षरांत ५,८०० ते ६,५०० च्या आसपासचा आकडा छापलेला सापडतो. खरा हिशेब त्यावर. मोठा टॅब एकदा पूर्ण भरायला तीस वॅट-अवर लागतात, म्हणजे १०,००० ची बँक जेमतेम एकदा टॅब भरेल, २०,००० ची जेमतेम दोनदा. कोकणच्या प्रवासात वाटेत जेवणाला थांबाल तेव्हा बँक हॉटेलच्या सॉकेटला लावली तर तेवढं पुरेसं होतं. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी पॉवर बँकेला सक्तीची आहे, मानकाच्या खुणेखाली आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल ती बँक मुलाच्या मांडीवर द्यायची नाही.

उष्णतेचं तेवढं जपायचं. लिथियमचे सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश असते. मे महिन्यात राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर जातो. किनाऱ्यावर उतरताना बँक आणि टॅब पिशवीत घालून बरोबर न्यावेत, निदान सीटखाली सावलीत ठेवावेत. फुगलेली बँक, म्हणजे टेबलावर ठेवल्यावर डुलणारी, ताबडतोब वापरातून काढावी. कचऱ्याच्या डब्यात नको, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

बॅटरीवरच्या म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हा प्रश्न सुटला असं काही जण समजतात. अर्धं खरं आहे. त्यांच्यातही सॉकेट आणि यूएसबीला वीज देणारी छोटी १२ व्होल्टची बॅटरी वेगळी असते, पण गाडी ‘रेडी’ अवस्थेत असेल तर मोठ्या बॅटरीतून ती भरत राहते. कोंडीत इंजिनाचा धूर नाही, एसी चालू ठेवायला पेट्रोल जळत नाही, टॅबचे तीस वॅट तर हिशेबातही धरायला नकोत. २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीसारख्या काही गाड्यांत बाहेर २३० व्होल्ट द्यायची सोयही आली आहे, तिच्यावर मिक्सर चालतो. करमणुकीपुरतं बोलायचं तर एवढ्याची गरज नाही, आणि केवळ त्यासाठी कुणी गाडी बदलणारही नाही.

वीज वाचवणं हाही विजेचा स्रोतच. निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर व्हिडिओ उतरवून घेतले आणि टॅब विमान मोडवर टाकला तर बॅटरी बरीच जास्त टिकते, कारण महामार्गावर डोंगराआड नेटवर्क शोधण्यात उपकरण फार दमतं. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला की आणखी फायदा. आणि नुसतं ऐकायचं ठेवलं तर टॅबची गरजच उरत नाही. गाडीच्या स्पीकरवर गोष्टी लावल्या की दोन्ही मुलं एकच ऐकतात, भांडण अर्धं होतं, आणि खाली बघून बघून होणारी मळमळ टळते. स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं बरीच आहेत. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन अजिबात नको म्हणते, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. कोंडीचे दिवस त्यांनी वगळलेले नाहीत, पण वर्षातून दोनदा कोकणात जाणाऱ्या आईबापांनी त्यावर फार अपराधी वाटून घ्यावं असं मला वाटत नाही.

कायद्याचं दोन ओळींत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९४-ब कलमानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. पडदा बघायला मूल पट्टा सोडून पुढच्या दोन सीटच्या मध्ये उभं राहतं, तेव्हा तेच कलम लागू होतं. ड्रायव्हरच्या नजरेत येईल असा पडदा नको, आणि टॅब लोखंडी हातावर लटकवण्यापेक्षा हेडरेस्टच्या कापडी खिशात ठेवावा. जोराचा ब्रेक लागला की तो कुठे जाऊन आदळेल हे सांगता येत नाही.

शेवटी भाड्याच्या गाडीचं. इथल्या बऱ्याच सहली ईको नाहीतर अर्टिगा भाड्याने घेऊनच होतात आणि त्या गाडीतल्या पुढच्या लाइटर पॉइंटवर ड्रायव्हरच्या फोनचा हक्क पहिला, कारण रस्ता त्याच फोनवर दिसत असतो. तिथे एक्स्टेन्शन वगैरे काढू नये. घरची पॉवर बँक घ्यावी, आणि दोन मुलं असतील तर २०,००० ची एक घेण्याऐवजी १०,००० च्या दोन घ्याव्यात. वजन तेवढंच भरतं, किंमत थोडी जास्त पडते. पण एक वायर कोणाच्या टॅबला आधी, हा वाद चिंचोटीच्या सिग्नलला सुरू होऊन पळस्प्यापर्यंत चालतो, आणि तो ऐकत गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरलाही त्याचं भाडं कमी वाटू लागतं.